प्रकल्प नोंदी : घर ते ऑफिस व्हीपीएन, दोन्ही टोकांना बिनतारी इंटरनेट

२ जून

आधी काम काय आहे ते लिहून ठेवतो. ऑफिसातल्या तीन गोष्टी घरून लागतात: फाइल सर्व्हरवरचे फोल्डर, हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेलं विंडोज मशीन, आणि जमलं तर प्रिंटर. ऑफिसात तारेची लाइन नाही आणि लवकर येईल अशी चिन्हंही नाहीत. एक ४जी राउटर, त्यात सिम. घरी छतावर छोटी डिश, तिच्यावर टॉवरवरून येणारी रेडिओ लिंक. म्हणजे दोन्ही टोकं हवेतच.

रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे विंडोज मशीन दुरून चालवण्याच्या सोयीचं, ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटला उघडं करून टाका, असा एक सोपा सल्ला मिळाला. नको. उघडं ३३८९ हुंगत फिरणारे स्कॅनर रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड कितीही मोठा असला तरी लॉगिनचं दार रस्त्यावर ठेवायचंच कशाला?

अट एकच: एकदा लागलं की ऑफिसात कुणालाही हात लावावा लागता कामा नये. हवेतली लाइन पडणार हे धरूनच चालायचं. ती पडली की सगळं आपलं आपण उठलं पाहिजे. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी आपली खासगी कुलूपबंद वाट, ‘लावणं’ ही तासाभराची गोष्ट आहे. ते कुणी जागेवर नसताना परत उभं राहणं, यातच खरं काम आहे.

३ जून

पत्ते तपासले. ऑफिसच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, १०० ने सुरू होतोय, दुसरा आकडा ८१. तिथेच कळलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमपत्राने २०१२ मध्ये खास सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत नॅटसाठी (अनेक आतले पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी) राखून ठेवला आहे. म्हणजे सिमला जगाला दिसणारा स्वतःचा पत्ता नाहीच. शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलेले. घरच्या डिशवर तर वॅनलाच १० ने सुरू होणारा पत्ता. दोन्हीकडे बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही.

त्यामुळे राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) करून उपयोग नाही. ज्या नॅटवर दार उघडायला हवं तो आपल्या हातात नाही. डायनॅमिक डीएनएसही इथे कुचकामी. ते सार्वजनिक पत्ता बदलला की नाव नव्या पत्त्याकडे वळवतं, पण तो पत्ताच आपला नसेल तर नाव वळवून काय होणार? इंटरनेटवरचे बरेच धडे याच पायरीवर मोडतात, कारण ते तारेच्या ब्रॉडबँडवर बसून लिहिलेले असतात.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, पाहिलं. ऑफिसच्या सिमवर मिळतंय, घरी नाही. आणि सिमवर मिळालं तरी बाहेरून येणारी जोडणी मोबाइल नेटवर्कच अडवतंय. सोडून दिलं.

उरले तीन मार्ग. पुरवठादाराकडून स्थिर आयपी: या सिमच्या योजनेत तो नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) सोडून नॅटला भोक पाडणं: टेलस्केलसारख्या सेवा हे छान करतात, पण दोन्हीकडे कडक नॅट असला की शेवटी त्यांच्याच रिलेमधून जावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे मध्ये आपला स्वतःचा भाड्याचा छोटा सर्व्हर, सार्वजनिक पत्त्याचा. घर आणि ऑफिस दोघंही त्याच्याकडे बाहेरच्या दिशेने जोडतील आणि तो एकाचं दुसऱ्याला देईल. हाच घेतला. सर्व्हर जितका जवळच्या डेटा सेंटरमध्ये तितकं बरं, कारण प्रत्येक पाकिटाला घर ते सर्व्हर आणि सर्व्हर ते ऑफिस असे दोन टप्पे पार करायचे आहेत.

५ जून

व्हीपीएनचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन टोकांनी बोलायची पद्धत, ठरवला. जुन्या राउटरच्या मेनूत पीपीटीपी हा जुना प्रोटोकॉल अजून दिमाखात बसलाय. त्याला टीसीपी (हरवलेलं पाकीट परत पाठवणारी वाहतूक) १७२३ पोर्टाशिवाय जीआरई नावाचा वेगळा प्रोटोकॉल लागतो, जो नॅटमधून धड जात नाही. आणि त्याची एमएस-चॅप आवृत्ती २ ही ओळखपद्धत २०१२ मध्येच एका डीईएस (जुनं, मोडता येणारं एन्क्रिप्शन) किल्लीच्या ताकदीवर आणून ठेवली गेली. विषय संपला.

ओपनव्हीपीएन चाललं असतं, पण टीसीपी ४४३ वर नको. ‘कुठूनही चालतं’ म्हणून लोक तसं लावतात. रेडिओवर पाकिटं गळणारच. आतल्या टीसीपीला वाटतं पाकीट हरवलं, तो परत पाठवतो. बाहेरचा टीसीपीही तेच पाकीट परत पाठवण्याच्या मागे असतो. दोघांचे टायमर एकमेकांत अडकतात आणि लाइन जरा खराब झाली की वेग एकदम कोसळतो. बिनतारी लाइनवर बाहेरचं वेष्टन यूडीपीचंच हवं, जे स्वतः काही परत पाठवत नाही.

वायरगार्ड घेतलं. जेसन डोननफेल्ड यांचं हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्ये आलं, त्यामुळे ताज्या लिनक्सवर वेगळं काही चढवावं लागत नाही. माझ्यासाठी निर्णायक गोष्ट वेगळी: समोरच्याचा पत्ता बदलला तरी त्याला फरक पडत नाही. ज्या पत्त्यावरून शेवटचं खरं, किल्लीने तपासलेलं पाकीट आलं, तोच समोरच्याचा पत्ता असं तो मानतो. ४जी राउटर दिवसातून कितीदाही नवा पत्ता घेऊन उठो. वाईट बाजू म्हणजे तो फक्त यूडीपी बोलतो. एखाद्या नेटवर्कने यूडीपी बंद केलं असेल तर तिथे हात टेकावे लागतील. आपल्या दोन्ही लाइनवर तपासलं, जातंय.

७ जून

आज शनिवार, ऑफिस रिकामं, म्हणून पत्त्यांची आवराआवर. घरचं लॅनही (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१ आणि ऑफिसचंही १९२.१६८.१. दोन्ही राउटर डब्यातून तसेच येतात. घरच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.१० हवा असेल तर तो टनेलकडे (व्हीपीएनच्या वाटेकडे) बघणारच नाही, स्वतःच्या खोलीतच शोधत बसेल. नॅट करून यातून पळवाट काढता येते, पण सहा महिन्यांनी तीच डोकेदुखी होते.

१० चा पट्टा घरच्या पुरवठादाराने वापरलाय, तो टाळला. १७२.१६ ते १७२.३१ मधलं काहीतरी घ्यायचं, पण १७२.१७ नको, ते डॉकरसारख्या कंटेनर सॉफ्टवेअरने धरलेलं असतं. ठरलं असं: टनेल १७२.२७.०, घर १७२.२७.१०, ऑफिस १७२.२७.२०, प्रत्येकी /२४, म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले. अख्खं १७२.२७ एका नियमात बसतं, हा फायदा.

ऑफिसचं बदलायला वेळ गेला. संगणक डीएचसीपीवर आहेत, म्हणजे त्यांना पत्ता आपोआप मिळतो, ते राउटर बदलताच सरळ झाले. प्रिंटरला कुणीतरी कधीतरी हाताने पत्ता दिलेला. त्याच्या दोन ओळींच्या पडद्यावर बाणाने एकेक आकडा चढवत बसलो.

८ जून

ऑफिसात ४जी राउटरच्या मागे एक बोटभर उंचीचा सिंगल बोर्ड संगणक ठेवलाय, टनेलचं ते टोक तो सांभाळेल. घरी तसंच काम राउटरवरच होतं.

किल्ल्या. प्रत्येक यंत्रावर त्याची खासगी किल्ली तिथेच तयार केली आणि तिथेच ठेवली. बाहेर फिरली ती फक्त सार्वजनिक किल्ली. चव्वेचाळीस अक्षरांची ओळ, शेवटी बरोबरचं चिन्ह. कॉपी करताना ते शेवटचं चिन्ह निवडीत येत नाही आणि मग ‘किल्ली चुकीची’ असा संदेश येतो, एवढं सांभाळायचं.

‘अलाउड आयपीज’ या ओळीवर बऱ्याच जणांचं घोडं अडतं, म्हणून इथे नीट लिहितो. ती एकाच वेळी दोन कामं करते. जाताना ती रस्ता आहे: या पत्त्यांसाठीचं पाकीट या किल्लीवाल्याला द्यायचं. येताना ती पहारेकरी आहे: या किल्लीवाल्याकडून फक्त याच पत्त्यांची पाकिटं आत घ्यायची. म्हणून सर्व्हरवर ऑफिसच्या किल्लीपुढे १७२.२७.०.२ (छोट्या संगणकाचा टनेलमधला पत्ता) आणि १७२.२७.२०.०/२४ दोन्ही हवेत. फक्त पहिलं लिहिलं तर त्या छोट्या संगणकाला पिंग जातं, मागचा फाइल सर्व्हर मात्र मुका. घर आणि ऑफिसच्या बाजूला सर्व्हरपुढे १७२.२७.०.०/१६ एवढंच. सर्व्हरवर आणि ऑफिसच्या छोट्या संगणकावर आयपी फॉरवर्डिंग (एकीकडून आलेलं पाकीट दुसरीकडे देणं) चालू. आणि ऑफिसच्या ४जी राउटरला सांगायचं की १७२.२७ चं काही आलं तर त्या संगणकाकडे दे. ही ओळ नसली तर फाइल सर्व्हरची उत्तरं राउटरमार्गे बाहेर इंटरनेटवर जाऊन मरतात.

चालू केलं. वायरगार्ड काही बोलत नाही, ‘जोडणी झाली’ वगैरे काही नाही. ओळखीची किल्ली नसलेल्याला तर तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून स्कॅन करणाऱ्याला ते पोर्ट आहे की नाही हेही कळत नाही. आपल्याला बघायचे ते दोन आकडे: शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांना ओळखणं) किती वेळापूर्वी, आणि गेलेले-आलेले बाइट. माझ्याकडे गेलेले वाढत होते, आलेले शून्य. म्हणजे पाकीट पोहोचत नाही किंवा परत येत नाही. सर्व्हरवरची फायरवॉल उघडी होती, पण भाड्याच्या सर्व्हरला कंपनीच्या पॅनेलवर दुसरी फायरवॉल असते. तिथे वायरगार्डचं यूडीपी ५१८२० पोर्ट उघडलं आणि पुढच्या प्रयत्नात हँडशेक आला.

कीपअलाइव्ह, म्हणजे वाट जागी ठेवणारं रिकामं पाकीट, दर २५ सेकंदांनी, फक्त घर आणि ऑफिसच्या बाजूला. नॅट यूडीपीची नोंद थोडा वेळच लक्षात ठेवतो, काही ठिकाणी अर्धा मिनिटच. ती पुसली गेली की सर्व्हरला आत यायला रस्ता उरत नाही. सिमचा डेटा यात संपेल का, असं विचारलं गेलं. वेष्टनासकट ६० बाइटचं पाकीट, दिवसाला जास्तीत जास्त ३,४५६ वेळा. दर दोन मिनिटांचा हँडशेक धरला तरी दिवसाला अर्ध्या एमबीच्या आतच.

१० जून

घरून फाइल सर्व्हर दिसला, फोल्डर उघडले, पिंग छान. अकाउंट्सच्या मॅडमना त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर लावून दिलं. दुपारी त्यांचा फोन.

“अहो, यादी दिसतेय सगळी. पण फाइल उघडायला गेलं की नुसतं ते गोल फिरत बसतं.”

“छोटी फाइल उघडून बघा ना एखादी. त्या नोंदीच्या कागदासारखी.”

“ती उघडली लगेच.”

छोटं जातं, मोठं अडकतं. पिंग उत्तम आणि फाइल ठप्प. हे लक्षण एमटीयूचंच, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल मापाचं. वेगाचा दोष असता तर मोठी फाइल रडतखडत का होईना आली असती. इथे ती सुरूच होत नव्हती.

मोजलं. ऑफिसच्या संगणकावरून सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर, टनेलच्या बाहेरून, ‘तुकडे करू नकोस’ अशी खूण लावलेलं पिंग. १४७२ बाइटचा मजकूर, जो साध्या इथरनेटवर जायला हवा, तो नाही गेला. कमी कमी करत १४०० वर उत्तर आलं, १४०१ वर नाही. त्यात २८ बाइट शीर्षकांचे मिळवले की लाइनचा खरा एमटीयू १४२८. घरी पीपीपीओई या प्रकारची जोडणी असल्याने १४९२. वायरगार्ड मुळात १४२० धरून चालतो, कारण तो १५०० ची लाइन गृहीत धरतो. त्याचं स्वतःचं ओझं आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. उद्या सिम आयपीव्ही६ वरून गेलं तरी चालावं म्हणून १४२८ मधून ८० वजा केले, १३४८, आणि सरळ १३४० ठेवला. तिन्ही टोकांना तोच.

खरं तर ‘पाकीट मोठं आहे, लहान करून पाठव’ असा आयसीएमपी संदेश वाटेतल्या राउटरने पाठवायचा असतो. पण वाटेत कुणीतरी आयसीएमपी गाळतं आणि पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो. म्हणून ऑफिसच्या टोकाला दुसरा उपायही केला: टनेलमधून जाणाऱ्या प्रत्येक टीसीपी जोडणीचा एमएसएस (एका पाकिटातला कमाल मजकूर) सुरुवातीलाच १३०० वर बांधला. १३४० वजा ४०. यामुळे लॅनमधल्या संगणकांना एमटीयूबद्दल काहीच सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मॅडमचा संदेश: “उघडली.”

११ जून

दिवसभर चाललं. नोंद घेण्यासारखं काही नाही.

१३ जून

आता वेग. ४जी राउटर कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून लोखंडी कपाटात ठेवलाय. त्याच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०९ डीबीएम, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) २. खिडकीत आणून ठेवला तर उणे ९१ आणि १३. अठरा डेसिबलचा फरक, म्हणजे मिळणारी शक्ती साठपटीहून जास्त. हे कुठलंही सेटिंग करून देत नाही. राउटर खिडकीत, तिथून लांब लॅन केबल संगणकापर्यंत. वायफायचा आणखी एक हवेतला टप्पा मध्ये कशाला? पुरवठादाराला शिव्या देण्याआधी राउटर हातात घेऊन खोलीभर फिरावं.

दुसरी गोष्ट. ऑफिसातून कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की घरून रिमोट डेस्कटॉप चिखलात रुतल्यासारखा. पिंग ८० मिलिसेकंदांवरून ९०० वर. लाइन कमी नाही. राउटरच्या पोटात पाकिटांची रांग साचते. छोट्या संगणकावर केक हा रांग-व्यवस्थापक लावला, तो कर्नल ४.१९ पासून आहेच. त्यासाठी ऑफिसची सगळी वाहतूक त्या संगणकातून वळवावी लागली. अडचण अशी की केकला लाइनचा वेग सांगावा लागतो आणि ४जीचा वेग तासातासाला बदलतो. सर्वांत गर्दीच्या वेळी मोजलेल्या अपलोडच्या ऐंशी टक्के दिला. रात्री थोडा वेग वाया जातो, जाऊ दे. पिंग आता अपलोड चालू असतानाही १२० च्या पुढे जात नाही.

१६ जून

आज ‘आपलं आपण उठणं’ तपासलं.

सिम बंद-चालू: नवा पत्ता मिळाला, अर्ध्या मिनिटात टनेल परत. घरची डिश बंद-चालू: तसंच. सर्व्हरचा पत्ता संरचनेत नावाने न देता आकड्यांत दिलाय, कारण वायरगार्ड नाव फक्त सुरू होतानाच एकदा शोधतो. त्या क्षणी लाइन नसेल तर टनेल उभाच राहत नाही.

मग ऑफिसच्या छोट्या संगणकाचा प्लग ओढला आणि परत लावला. लाइन आली. टनेल नाही आला. थांबून पाहिलं, तरी नाही.

कारण मोठं मजेदार निघालं. वायरगार्डच्या पहिल्या हँडशेक पाकिटात वेळेचा शिक्का असतो. जुनं पाकीट टिपून कुणी परत पाठवू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक किल्लीचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून मागचा आला तर दुर्लक्ष करतो. या छोट्या संगणकाला घड्याळाची बॅटरी नाही. तो डिस्कवर अधूनमधून नोंदवलेली वेळ उचलून सुरू होतो. अचानक वीज गेली तर ती वेळ मागची असते. एरवी इंटरनेटवरून घड्याळ लगेच दुरुस्त होतं. पण इथे नावं शोधण्याचं काम, म्हणजे डीएनएस, टनेलमधून चालतं. टनेल नाही म्हणून वेळेच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही, नाव नाही म्हणून घड्याळ मागेच, घड्याळ मागे म्हणून टनेल नाही. नोंदींमध्ये एकही चूक दिसत नाही, कारण सर्व्हर मुकाट्याने पाकीट टाकून देतो.

वेळेचा सर्व्हर आकड्यांच्या पत्त्याने आणि टनेलच्या बाहेरून ठेवला. शिवाय बॅटरीचं घड्याळ मॉड्यूल, डीएस३२३१, पिनांवर बसवलं. परत प्लग ओढला. या वेळी चहूबाजूंनी शांतता एका मिनिटाहून कमी, मग हँडशेक.

राहिलेला धोका म्हणजे ४जी राउटर स्वतःच गोठणं. त्यासाठी सरळ टायमरचा सॉकेट: पहाटे एकदा वीज बंद, एकदा चालू. शोभेचा उपाय नाही, पण चालतो.

१९ जून

घर ते सर्व्हर ३८, सर्व्हर ते ऑफिस ४५. जाऊन-येऊन ८० च्या वर मिलिसेकंद. फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल गप्पिष्ट आहे. एक फोल्डर उघडायला अनेक प्रश्नोत्तरं, आणि प्रत्येकाला एवढा वेळ. वेग वाढवून हे कमी होत नाही.

म्हणून हिशेबाची डेटा फाइल घरून सरळ उघडायची नाही, असं ठरवलं. हळू होण्यापेक्षा मोठी भीती वेगळी: लिहिता लिहिता लाइन पडली तर डेटाबेस अर्धवट राहतो. मॅडमना समजावलं.

“म्हणजे मी माझ्या लॅपटॉपवर उघडायचंच नाही?”

“ऑफिसचं मशीन घरून चालवायचं. लाइन गेली तर तिकडे तुमचं काम आहे तसं उघडं राहतं. परत जोडलं की तिथूनच पुढे.”

हे त्यांना पटलं. बाकीच्या कागदपत्रांची रात्री आरसिंक या प्रत घेणाऱ्या प्रोग्रामने घरी प्रत, बदललेला भागच तेवढा.

२१ जून

कोण कुठे पोहोचू शकतं ते आवळलं. घरचा टीव्ही आणि मुलांचे फोन ऑफिसच्या नेटवर्कमध्ये दिसायचं काही कारण नाही. सर्व्हरवर नियम: कामाच्या लॅपटॉपांना ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर ४४५ (फाइल शेअरिंगचं पोर्ट), त्या एका मशीनवर ३३८९, बाकी बंद. ऑफिसकडून घराकडे नवी जोडणी कुठलीच नाही. घरचं साधं इंटरनेट घरच्याच लाइनने जातं. सगळं ऑफिसमार्गे वळवलं असतं तर सिमवर दुप्पट भार आला असता.

एक गोष्ट अशा रचनेत विसरली जाते. मधला सर्व्हर पाकीट उघडतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. म्हणजे टनेल दोन आहेत, आणि भाड्याच्या यंत्रावर मजकूर क्षणभर उघडा असतो. म्हणून फाइल सर्व्हरवर एसएमबी ३ या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलचं स्वतःचं एन्क्रिप्शन सक्तीचं केलं, रिमोट डेस्कटॉप टीएलएस एन्क्रिप्शनवर आहेच. आता मधल्याने डोकावलं तरी हाती काही लागत नाही.

प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली. लॅपटॉप हरवला तर सर्व्हरवरून तेवढ्या किल्लीची नोंद काढून टाकायची. बाकी कुणाला काही बदलावं लागत नाही.

२७ जून

परवा संध्याकाळी वादळात घरची डिश बराच वेळ गेली होती. मी बाहेर होतो, कुणी काही केलं नाही. आल्यावर हँडशेकची वेळ बघितली, एक मिनिट सत्तावीस सेकंदांपूर्वीची.

उरलंय ते असं. प्रिंटर घरून अजून दिसत नाही. तो ब्रॉडकास्टवर (लॅनमधल्या सगळ्यांना एकदम हाक) स्वतःची ओळख देतो आणि ते टनेलमधून जात नाही, तर आयपी देऊन हाताने जोडायचा आणि नियमात ९१०० पोर्ट घालायचं. रात्री बंद केलेलं हिशेबाचं मशीन घरून जागं करायचं असेल तर जागं करण्याचं पाकीटही ब्रॉडकास्टच, म्हणून ते ऑफिसच्या छोट्या संगणकावरूनच सोडायला हवं. त्याची एक ओळीची स्क्रिप्ट लिहायची. ४जी राउटरला दुसऱ्या सिमची खाच आहे, त्यात वेगळ्या नेटवर्कचं सिम मागवलंय. ते आलं की एमटीयू पुन्हा मोजायचा.